वॉर्डात नवीन आहात? औषध देणं आणि लघवी-संडासचं बघणं, दोन्ही एकत्रच शिका

जीएनएम, एएनएम किंवा बीएस्सी नर्सिंगची मुलंमुली पहिल्यांदा वॉर्ड पोस्टिंगला येतात तेव्हा इंजेक्शन सगळ्यांना द्यायचं असतं आणि बेडपॅन कोणालाच द्यायचा नसतो. इंजेक्शन म्हणजे नर्सिंग आणि बेडपॅन म्हणजे मावशींचं काम असं डोक्यात बसलेलं असतं. मला तर ही दोन कामं वेगळी वाटतच नाहीत. पेशंटच्या अंगात काय गेलं आणि बाहेर काय आलं हा एकच हिशोब आहे आणि तो चोवीस तास ठेवणारं माणूस म्हणजे नर्स. डॉक्टर राउंडला येऊन जातात, नातेवाईक भेटीच्या वेळेत येतात, पण युरोबॅगेतली लघवी दुपारपासून वाढलेलीच नाही हे फक्त आपल्याला दिसतं. म्हणून या लेखात दोन्ही एकत्र घेतलंय. शेवटचा शब्द तुमच्या हॉस्पिटलच्या प्रोटोकॉलचा आणि इन्चार्ज सिस्टरचा, आणि विद्यार्थी असाल तर यातलं काहीही पहिल्यांदा एकट्याने करायचं नाही, शेजारी कोणीतरी सीनियर पाहिजेच.

आधी ऑर्डर नीट वाचा

ट्रीटमेंट शीटवरचं अक्षर कसंही असो, अंदाजाने वाचायचं नाही. ओडी म्हणजे दिवसातून एकदा, बीडी दोनदा, टीडीएस तीनदा, क्यूआयडी चारदा, एचएस झोपताना, एसओएस लागलं तर, स्टॅट म्हणजे आत्ताच्या आत्ता, हे सगळं लवकरच पाठ होतं. घोटाळा होतो तो आकड्यांत. पॉइंटच्या आधी शून्य लिहिलं नाही तर पॉइंट पाच मिलीग्रॅमचे सरळ पाच होतात. इन्सुलिनपुढे युनिटऐवजी नुसता यू लिहिला की तो घाईत शून्यासारखा दिसतो आणि १० चे १०० होतात. शंका आली तर डॉक्टरांना फोन करा, ते चिडले तरी करा, पेशंटचं नुकसान होण्यापेक्षा ते परवडलं.

एसओएस औषध असेल तर द्यायच्या आधी दोन गोष्टी बघायच्या, शेवटचा डोस कधी दिलाय आणि आज दिवसभरात एकूण किती गेलंय. पॅरासिटामॉल मोठ्या माणसाला २४ तासात ४ ग्रॅमच्या वर जाऊ द्यायचं नाही, आणि ते सर्दीच्या गोळीतही असतं, दुखण्याच्या कॉम्बिनेशन गोळीतही असतं, नातेवाईकांनी खालच्या मेडिकलमधून आणून दिलेलंही असतं, त्यामुळे विचारल्याशिवाय कळत नाही.

फोनवरची ऑर्डर फक्त इमर्जन्सीत घ्यायची. घेतली तर लगेच लिहायची आणि लिहिलेलं परत वाचून दाखवायचं. फिफ्टीन आणि फिफ्टी फोनवर सारखंच ऐकू येतं म्हणून "एक पाच, पंधरा ना सर?" असं आकडा सुटा करून विचारा. आणि डॉक्टर वॉर्डात आले की सही घ्यायला विसरू नका.

पेशंट तोच आहे ना

बेड नंबरवर कधीही विश्वास ठेवायचा नाही. उन्हाळ्यात पंख्याखालचा बेड रिकामा झाला की पेशंट कोणाला न सांगता तिकडे सरकतात, रात्री नळाजवळचा बेड नको म्हणून दोघं आपापसात बदलून घेतात, आणि फाइल मात्र जुन्याच बेडला अडकवलेली असते. म्हणून दोन ओळखी जुळवायच्या, पूर्ण नाव आणि आयपीडी नंबर (भरती होताना मिळालेला), हातात बँड असेल तर त्याच्यावरून.

नाव विचारायची पण पद्धत आहे. "तुम्ही सुनीताताई ना?" असं विचारलं की कमी ऐकू येणारं किंवा गुंगीत असलेलं माणूस हो म्हणून टाकतं. "ताई, तुमचं पूर्ण नाव सांगा बरं" असं विचारा आणि त्यांच्या तोंडून येऊ द्या. आपल्याकडे एका वॉर्डात दोन पाटील आणि तीन जाधव असतातच, आणि बायकांच्या बाबतीत फाइलवर नवऱ्याचं नाव आणि आधार कार्डावर वडिलांचं असंही होतं, तेव्हा आडनावावर थांबू नका.

त्याच वेळी ॲलर्जी विचारून घ्या. "तुम्हाला ॲलर्जी आहे का" याला बहुतेक जण नाही म्हणतात कारण तो शब्दच त्यांचा नाही. "कुठल्या गोळीने किंवा इंजेक्शनने अंगावर गांधी उठल्या होत्या का, खाज सुटली होती का, दम लागला होता का" असं विचारलं की आठवून सांगतात.

औषध तीन वेळा वाचायचं, कपाटातून किंवा ट्रॉलीतून उचलताना, सिरिंजमध्ये भरताना किंवा गोळी काढताना, आणि पेशंटजवळ प्रत्यक्ष देताना. नाव, किती मिलीग्रॅम, एक्स्पायरी. डोपामिन आणि डोब्युटामिन नावाला जवळजवळ आहेत, आणि कितीतरी अँप्यूल दिसायला सारखीच असतात, नेहमीचा डबा नेहमीच्या जागी असेलच असं नाही. आणि दुसऱ्याने भरून ठेवलेली सिरिंज आपण द्यायची नाही. कोणी कितीही सांगितलं की "अगं मीच भरलीये, देऊन टाक", तरी नाही.

हिशोब

फॉर्म्युला एकच आहे, जेवढा डोस हवा तो भागिले जेवढा हातात आहे तो, गुणिले किती मिलीमध्ये आहे ते. पण फॉर्म्युलापेक्षा बाटली वाचणं महत्त्वाचं. १० किलोच्या बाळाला ताप आहे आणि किलोला १५ मिलीग्रॅमप्रमाणे १५० मिलीग्रॅम पॅरासिटामॉल द्यायचंय. सिरप ५ मिलीला २५० वालं असेल तर ३ मिली, ५ मिलीला १२० वालं असेल तर सव्वासहा मिली, आणि ड्रॉप्स मिलीला १०० वाले असतील तर फक्त दीड मिली. औषध एकच, बाळ एकच, उत्तरं तीन. ड्रॉप्स लहान बाळांसाठी म्हणून "हलके" असतील असं आयांना वाटतं, प्रत्यक्षात ते सगळ्यात कडक असतात, त्यामुळे डिस्चार्जच्या वेळी आईला तिच्याच बाटलीवर, तिच्याच ड्रॉपरवर खूण करून दाखवा, चमच्याचा हिशोब सांगू नका.

सलाईनच्या थेंबांचं पण तसंच. साध्या सेटला बहुतेक वेळा २० थेंबांचा एक मिली होतो, काहींना १५ चा, मायक्रोड्रिपला ६० चा, सेटच्या पाकिटावर छापलेलं असतं. ५०० मिली ६ तासात घालवायचं असेल तर ५०० गुणिले २०, भागिले ३६० मिनिटं, म्हणजे मिनिटाला साधारण २८ थेंब. घड्याळ हातात धरून पूर्ण मिनिट मोजा, आणि थोड्या वेळाने परत बघा, कारण पेशंटने हात वाकवला की थेंब बदलतात आणि नातेवाईकही "लवकर संपू दे" म्हणून चक्री फिरवतात.

इन्सुलिनवर जरा थांबते, कारण आपल्याकडे इथे मोठा धोका आहे. आपल्या सरकारी वॉर्डात मिळणाऱ्या व्हायल बहुतेक ४० युनिटवाल्या असतात, म्हणजे एक मिलीत ४० युनिट, आणि पेनची कार्ट्रिज किंवा काही नवीन इन्सुलिन १०० वाली. सिरिंजही दोन, लाल टोपणाची ४० ची आणि नारिंगी टोपणाची १०० ची. आता १०० वालं इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये १० च्या खुणेपर्यंत भरलं तर पेशंटला १० नाही, २५ युनिट जातात. उलटं केलं, म्हणजे ४० वालं नारिंगीत भरलं, तर १० च्या जागी ४ च जातात आणि शुगर का उतरत नाही म्हणून सगळे डोकं खाजवत बसतात. म्हणून व्हायलवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा शेजारी शेजारी धरून बघा, दुसऱ्या सिस्टरला दाखवा, मग भरा. दुधाळ इन्सुलिन जोरात हलवायचं नाही, तळहातांमध्ये फिरवायचं. पाण्यासारखं आणि दुधाळ एकत्र भरायचं असेल तर पाण्यासारखं आधी. आणि साधं इन्सुलिन जेवणाच्या अर्धा तास आधी असतं, म्हणून द्यायच्या आधी जेवणाची ट्रॉली निघाली का ते विचारा, पेशंटला एखाद्या तपासणीसाठी उपाशी ठेवलंय का ते बघा. इन्सुलिन गेलं आणि जेवण आलंच नाही तर घाम, थरथर, बडबड सुरू होते, लगेच शुगर तपासा आणि ७० च्या खाली असेल तर शुद्धीत असलेल्या पेशंटला साखरपाणी द्या आणि डॉक्टरांना बोलवा. शुद्धीत नसेल तर तोंडात काहीही घालायचं नाही.

प्रत्यक्ष देताना

तोंडाची गोळी उशाशी ठेवून निघून जायचं नाही. पेशंटला बसवा, पाणी द्या, गिळेपर्यंत थांबा. एसआर, एक्सआर लिहिलेल्या आणि आतड्यात विरघळणाऱ्या कोटिंगच्या गोळ्या कुटायच्या नाहीत, दिवसभर हळूहळू सुटायचं औषध एका दमात अंगात जातं. डिगॉक्सिन या हृदयाच्या औषधाच्या आधी छातीवर स्टेथो लावून पूर्ण एक मिनिट ठोके मोजा, मोठ्या माणसाचे ६० च्या खाली असतील तर डोस थांबवा आणि कळवा.

रायल्स ट्यूबमधून, म्हणजे नाकातून पोटात घातलेल्या नळीतून, द्यायचं असेल तर ट्यूब जागेवर आहे का याची खात्री आधी. हवा सोडून पोटावर आवाज ऐकणं अजून खूप ठिकाणी चालतं पण त्यावर भरवसा ठेवू नका, ट्यूब फुप्फुसात असली तरी आवाज येऊ शकतो. नवीन टाकलेली ट्यूब एक्सरेवर बघतात, नंतर दर वेळी नाकाजवळची खूण सरकली का आणि ओढून आलेल्या पाण्याचा पीएच ५.५ किंवा त्याच्या खाली आहे का ते बघायचं. डोकं ३० ते ४५ अंश वर, औषधाच्या आधी आणि नंतर १५ ते ३० मिली पाणी, प्रत्येक औषध वेगळं, आणि झाल्यावर अर्धा तास तरी पेशंटला आडवं करायचं नाही.

इंजेक्शनमध्ये कोन लक्षात ठेवा, स्नायूत ९० अंश, चामडीखाली ४५ ते ९०, चामडीत १० ते १५. कमरेच्या इंजेक्शनला आपल्याकडे कुल्ल्याचा वरचा बाहेरचा भाग घेतात, पण तिथून सायटिक नस जवळ असते म्हणून नितंबाच्या बाजूची जागा शिकून घ्या. डाव्या बाजूला द्यायचं तर तुमचा उजवा तळहात मांडीच्या हाडाच्या वरच्या उंचवट्यावर ठेवा, तर्जनी पुढच्या कमरेच्या हाडाच्या टोकावर, मधलं बोट मागे ताणा, दोन बोटांच्या मध्ये जो त्रिकोण होतो तिथे सुई. बाळांना मांडीच्या बाहेरच्या बाजूला.

अँटिबायोटिकची टेस्ट डोस बहुतेक वॉर्डात देतात, वाचायला १५ ते २० मिनिटं थांबावं लागतं, पण टेस्ट चांगली आली म्हणजे रिॲक्शन येणारच नाही असं नाही, त्यामुळे पहिल्या डोसला पेशंट सोडून जाऊ नका. इमर्जन्सी ट्रेमध्ये ॲड्रेनॅलिन आहे का ते इंजेक्शनच्या आधी बघायचं, नंतर नाही. मोठ्या माणसाला १:१००० चं अर्धा मिली मांडीच्या बाहेरच्या स्नायूत, हा ॲनाफिलॅक्सिसचा, म्हणजे ॲलर्जीच्या जीवघेण्या रिॲक्शनचा, पहिला उपाय, बाकीचं सगळं त्यानंतर.

शिरेतून देताना इंट्राकॅथच्या (शिरेत बसवलेल्या नळीच्या) जागी सूज, लाली, दुखणं बघा, मग एनएसने (नॉर्मल सलाईनने) फ्लश, औषध सावकाश, परत फ्लश. फेनिटॉइन फक्त एनएसमध्ये, ग्लुकोजच्या सलाईनमध्ये त्याचे कण होतात. सेफट्रायॅक्झोन आरएलमध्ये (रिंगर लॅक्टेट सलाईनमध्ये) मिसळायचं नाही कारण आरएलमध्ये कॅल्शियम असतं. आणि पोटॅशियम क्लोराइड, १० मिलीच्या एका अँप्यूलमध्ये २० मिलीइक्विव्हॅलंट असतं, ते थेट शिरेत कधीही, कुठल्याही कारणाने द्यायचं नाही, हृदय थांबतं. नेहमी सलाईनमध्ये टाकून, बाटली उलटसुलट करून नीट मिसळून, लेबल लावून, सावकाश. ही अँप्यूलं डिस्टिल वॉटरच्या शेजारी ठेवलेली दिसली तर ताबडतोब हलवा, सांगायला लाजू नका.

सुईला परत टोपण लावायचं नाही. हब कटरमध्ये कापा. सुया पांढऱ्या न टोचणाऱ्या डब्यात, सिरिंज, सलाईनचे सेट, ग्लोव्हज लाल पिशवीत, काचेची अँप्यूलं आणि व्हायल निळ्यात, रक्ताचा कापूस पिवळ्यात, २०१६ च्या बायोमेडिकल वेस्ट नियमांपासून हेच चालू आहे. सुई टोचलीच तर बोट दाबून रक्त काढत बसू नका, तोंडात घालू नका, साबण आणि वाहत्या पाण्याने धुवा आणि लगेच कॅज्युअल्टीला सांगा. एचआयव्हीचं प्रतिबंधक औषध जितकं लवकर तितकं चांगलं, दोन तासात मिळालं तर उत्तम, ७२ तासांच्या पुढे उपयोग नाही, आणि कोर्स २८ दिवसांचा. पोस्टिंगला यायच्या आधीच हिपॅटायटिस बीचे तिन्ही डोस घेतलेले पाहिजेत.

सही दिल्यानंतर करायची. आधी सगळ्यांच्या सह्या करून मग राउंडला निघायची सवय काही जणींना असते, आणि मध्येच पेशंट एक्सरेला गेलेला असतो, डोस राहतो, कागदावर मात्र दिलेला असतो. पेशंटने नको म्हटलं तर तेही लिहा, कारणासकट.

बेडपॅन

बेडपॅन मागायला पेशंटला किती जड जातं ते लक्षात घ्या. कितीतरी आज्या दिवसभर पाणी पीत नाहीत, का तर परत परत मावशींना हाक मारायला नको. मग लघवी कमी होते, जळजळ होते, बद्धकोष्ठ होतं, आणि आपण औषधं वाढवत बसतो. म्हणून तुम्हीच विचारत जा, "आजी, लघवीला जायचंय का", जेवणानंतर आणि झोपायच्या आधी तर नक्कीच.

आधी स्क्रीन लावा, नातेवाईकांना बाहेर पाठवा, मुलाला तर नक्कीच, आई त्याच्यासमोर बोलणार नाही पण तिला लाज वाटत असते. ग्लोव्हज घाला. स्टीलचा पॅन असेल तर कोमट पाण्याने विसळून पुसून घ्या, थंडीत गार पॅन लागला की स्नायू आवळतात आणि होत नाही. खाली मॅकिंटॉश (रबरी शीट) आणि ड्रॉ-शीट (आडवी चादर) टाका. पेशंटला गुडघे वाकवून पाय गादीवर टेकवायला सांगा, "एक दोन तीन म्हटलं की कंबर उचला", तुमचा एक हात कमरेखाली आणि दुसऱ्याने पॅन सरकवा, पसरट गोल भाग कुल्ल्यांखाली येतो. उचलता येत नसेल तर दोघींनी मिळून कुशीवर वळवा, पॅन कुल्ल्यांना टेकवून धरा आणि पेशंटला पॅनसकट परत पाठीवर आणा. खुब्याचं हाड मोडलेलं असेल तर चपटा पॅन घ्या आणि ज्या बाजूला दुखापत नाही तिकडून घाला. पॅन ओढून काढायचा किंवा घासत सरकवायचा नाही, म्हाताऱ्या माणसांची चामडी तेवढ्याने सोलते.

पॅन दिल्यावर मनाई नसेल तर डोक्याची बाजू वर करा, झोपून कोणालाच नीट होत नाही. बेल किंवा हाक मारायची सोय, पुसायला कागद, हाताशी ठेवा आणि जरा बाजूला व्हा, पण पॅनवर विसरून जाऊ नका, पंधरा-वीस मिनिटं कडक पॅनवर राहिलं की माकडहाडाला लाल चट्टा पडतो. स्वच्छ करताना बायकांना नेहमी पुढून मागे पुसायचं, संडासचे जंतू लघवीच्या जागेला लागू नयेत म्हणून. हात धुवायला पाणी पेशंटलाही द्या, हे बहुतेक जण विसरतात.

आणि ओतायच्या आधी बघा. रंग, वास, रक्त, आव, किती, घट्ट की पातळ. डांबरासारखी काळी, चिकट आणि घाण वासाची संडास म्हणजे पोटात वर कुठेतरी रक्तस्राव असू शकतो, लगेच कळवा. लोहाच्या गोळ्यांनीही काळी होते पण ती तशी चिकट नसते, तरी तुम्ही ठरवू नका, नमुना ठेवा आणि दाखवा. तांदळाच्या धुवणासारखे जुलाब असतील तर कॉलऱ्याचा विचार होतो, ताबडतोब सांगा, आणि ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर पाण्यात, ग्लासभर पाण्यात नाही. जुलाबाच्या पेशंटनंतर हात साबण-पाण्यानेच धुवा, अँटिबायोटिकनंतर जे काही जुलाब होतात त्यांचे जंतू सॅनिटायझरने मरत नाहीत.

कॅथेटर आणि युरोबॅग

मोठ्या माणसाला १४ किंवा १६ नंबरची फोली, म्हणजे टोकाला फुगा असलेला लघवीचा कॅथेटर, पुरते. पूर्ण स्टराइल काम आहे, त्यामुळे ट्रे आधी मांडून घ्या, बॅग आधीच जोडून ठेवली तर उत्तम. बायकांमध्ये ५ ते ७ सेंटिमीटरवर लघवी येते, आली की अजून थोडा आत सरकवा. चुकून योनीमार्गात गेला तर काढू नका, तो तिथेच राहू द्या म्हणजे दुसऱ्यांदा जागा चुकणार नाही, आणि नवीन स्टराइल कॅथेटर घ्या. पुरुषांमध्ये जेली भरपूर, लिंग सरळ वर धरून, कॅथेटरला जिथे दोन तोंडं फुटतात त्या फाट्यापर्यंत आत, आणि अडलं तर जोर अजिबात नाही, थांबा, बोलवा. लघवी दिसल्याशिवाय फुगा फुगवायचा नाही, मूत्रमार्गात फुगला तर रक्त येतं आणि माणूस ओरडतो. फुग्यात डिस्टिल वॉटर, कॅथेटरवर छापलंय तेवढंच, एनएस नाही कारण मिठाचे कण बसून नंतर फुगा रिकामा होत नाही. झाल्यावर पुरुषांची पुढची चामडी परत जागेवर आणा, मागे राहिली तर काही तासात सूज येऊन आवळते.

बॅग कायम मूत्राशयाच्या खाली पण जमिनीला टेकलेली नको. स्ट्रेचरवर नेताना पेशंटच्या पोटावर ठेवतात ते पूर्ण चुकीचं, लघवी उलटी आत जाते. बॅग दोन तृतीयांश भरायच्या आत रिकामी करा, प्रत्येक पेशंटचं भांडं वेगळं. जोड सोडायचा नाही. तपासणीचा नमुना पोर्टमधून घ्या, बॅगेतून नाही. आणि रोज राउंडला विचारा, "सर, कॅथेटर अजून लागेल का", कारण जितके दिवस राहील तितका इन्फेक्शनचा धोका वाढतो. काढल्यावर ६ ते ८ तासात पेशंटला स्वतःहून लघवी झाली पाहिजे, नाही झाली तर ओटीपोटावर हात ठेवून बघा. थेंब थेंब होतेय म्हणजे होतेय असं समजू नका, मूत्राशय तुडुंब भरल्यावरही थेंब थेंब गळतं.

एनिमा आणि सपोझिटरी

दोन्हीला डाव्या कुशीवर, वरचा गुडघा पोटाकडे. सपोझिटरी, म्हणजे गुदद्वारातून द्यायचं औषध, फ्रिजमधून काढलेली घट्ट असली पाहिजे, जेली लावून मोठ्या माणसात बोटभर आत, भिंतीला लागून, संडासच्या गोळ्यात खुपसायची नाही. साबणपाण्याचा एनिमा मोठ्या माणसाला ५०० ते १००० मिली, पाणी कोमट, कॅन गादीपासून ३० ते ४५ सेंटिमीटर उंच, नळी ७ ते १० सेंटिमीटर आत. कळ आली की कॅन खाली घ्या, लांब श्वास घ्यायला सांगा. पोट अचानक दुखतंय, अपेंडिक्सचा संशय आहे, तर एनिमा नाही. किडनीच्या पेशंटला रेडीमेड फॉस्फेट एनिमा विचारल्याशिवाय नाही.

दोन्ही हिशोब जिथे एकत्र येतात

इनटेक-आउटपुट चार्ट संध्याकाळी अंदाजाने भरायचा कागद नाही. मोठ्या माणसाची लघवी तासाला किलोमागे अर्धा मिली तरी पाहिजे, ६० किलोच्या माणसाला ३० मिली. त्याच्या खाली गेली तर दुसऱ्या शिफ्टची वाट बघू नका. पोटॅशियमची बाटली लावायच्या आधी लघवी होतेय का बघा, किडनी काढत नसेल तर ते रक्तात साठतं. लॅसिक्स (लघवी वाढवणारं औषध) शक्यतो सकाळी, दुसरा डोस दुपारी चारच्या आत, नाहीतर म्हातारा माणूस रात्री दोनदा-तीनदा संडासकडे अंधारात निघतो आणि पडतो. मॉर्फिन किंवा ट्रॅमाडॉल चालू असलेल्याला रोज विचारा संडास कधी झाली, आणि औषधाबरोबरच पोट साफ होण्याचं औषध लिहून मिळालंय का ते बघा. टीबीच्या पेशंटला रिफॅम्पिसिन सुरू करताना आधीच सांगा की लघवी केशरी-लाल होईल, घाबरू नका, नाहीतर ते लघवीतून रक्त जातंय समजून गोळ्या बंद करतात आणि आजार परत डोकं वर काढतो.

आणि लेबर वॉर्डात एक्लॅम्प्सियाच्या (गरोदरपणात बीपी वाढून झटके आलेल्या) बाईला मॅगसल्फ, म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट. त्याचा प्रत्येक पुढचा डोस द्यायच्या आधी तीन गोष्टी, श्वास मिनिटाला १६ किंवा जास्त, गुडघ्यावर ठोकल्यावर पाय उडतो, आणि गेल्या चार तासात लघवी तासाला ३० मिलीच्या हिशोबाने झालीये. एक जरी कमी असेल तर डोस थांबवायचा, कळवायचं, आणि कॅल्शियम ग्लुकोनेट, १० टक्क्यांचं १० मिली, शेजारी काढून ठेवायचं. पाय उडणं बंद झालं तरी डोस चालू राहिला तर पुढे श्वास थांबतो.

हँडओव्हरही तसाच द्या. "बेड सात, नाव अमुक, आयपीडी नंबर अमुक, पहाटे ४ ला मॅगसल्फ दिलं, तेव्हापासून लघवी १६० मिली, श्वास १८, पाय उडतोय, ८ चा डोस अजून दिलेला नाही." हे फाइल बघून स्टेशनवर बसून बोलायचं नाही, दोघींनी बेडजवळ उभं राहून, बॅगेवरचा आकडा एकत्र वाचून, बॅग रिकामी करून नवीन शिफ्टचा हिशोब शून्यापासून सुरू करायचा.